आवाज परत आला, तारखा कशा द्यायच्या?

नाशिकच्या एका पॉप गायिकेचं प्रकरण: गंभीर आजार, सक्तीची विश्रांती आणि पुन्हा दौऱ्यावर निघताना घेतलेले निर्णय

पार्श्वभूमी

गायिका मूळची नाशिकची, राहायला गंगापूर रोडला, वय तेव्हा चौतिशीचं. स्वतः बांधलेली मराठी पॉप गाणी, पाच वादकांचा बँड आणि वर्षभर गावोगावी कार्यक्रम, असं तिचं २०२४ च्या सुरुवातीपर्यंत उत्तम चाललं होतं. हिवाळ्यात कॉलेजांची गॅदरिंग, लग्नसराईत हळदी-संगीत, गणपती-नवरात्रात मंडळांच्या सुपाऱ्या, दिवाळीत एखादी पहाट. तिच्या तारखा, प्रवास आणि हिशेब मी बघतो. ओळख लपवण्यासाठी काही गावं आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आजार आणि निर्णयांचा क्रम तोच ठेवला आहे.

या धंद्याची एक रीत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. रात्री दहाला स्पीकर बंद झाला की सामान टेम्पोत चढतं, जेवण ढाब्यावर होतं आणि गाडी रातोरात नाशिककडे वळते. मुक्काम केला तर सहा-सात जणांच्या लॉजचा खर्च अंगावर येतो. त्यामुळे पहाटे घरी, दुपारी पुढच्या गावाला. वादकांना दर कार्यक्रमाची ठरलेली ‘नाइट’ मिळते. कार्यक्रम नाही तर पैसे नाहीत.

आजार

फेब्रुवारीत एका दौऱ्यावरून ती पोट बिघडून परतली. दौऱ्यात कोणाचं ना कोणाचं पोट बिघडतंच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दहा-बारा दिवसांनी तळपायांत मुंग्या आल्या, मग जिना चढताना गुडघे दुमडायला लागले, आणि त्यानंतर दोनच दिवसांत कप उचलायला दोन हात लागू लागले. निदान झालं गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. एखादा संसर्ग होऊन गेल्यावर प्रतिकारशक्ती शरीराच्या स्वतःच्याच नसांवर उलटते. पोटात गेलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू त्याच्या ठाऊक असलेल्या कारणांपैकी एक. अशक्तपणा साधारणपणे पायांपासून वर चढत जातो आणि चारातल्या एखाद्या रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. ती त्या चारातली एक निघाली.

अतिदक्षता विभागात नर्स दर थोड्या वेळाने तिला एका श्वासात आकडे मोजायला सांगत. छातीचे स्नायू कितपत साथ देताहेत, याचा हा बिनखर्चाचा अंदाज. सकाळी ती तेवीसपर्यंत गेली, संध्याकाळी चौदापर्यंत. रात्री नऊवर अडकली आणि तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली गेली. पुढे गळ्याला छेद देऊन दुसरी नळी बसवावी लागली. औषध होतं आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं: वजनाच्या दर किलोला रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. पंचावन्न किलोच्या माणसाला हे ११० ग्रॅम होतं, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या २२ बाटल्या. बिल लाखांत गेलं. बँडचा साठवलेला पैसा आणि गाडी घेण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यातच गेली.

व्हेंटिलेटर मार्चअखेर सुटला. ती घरी आली ती चाकांच्या खुर्चीतून, आणि जूनपर्यंत वॉकर धरून चालत होती. आवाजाची वेगळीच भानगड निघाली. तोंडातून घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. तिच्या घर्षणाने डाव्या स्वरतंतूच्या मागच्या टोकाला ग्रॅन्युलोमा, म्हणजे मांसाची छोटी गाठ झाली होती. शस्त्रक्रियेची घाई नको असं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं. पित्ताची औषधं, खाकरणं आणि कुजबुजणं बंद, पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून त्यातून स्वर सोडण्याचे व्यायाम. हळूहळू गाठ विरली.

नेमका पेच

जुलैच्या शेवटी तिने घरी, कीबोर्डवादकाच्या साथीवर, स्वतःचं एक गाणं पूर्ण गायलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, नवऱ्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि ती फीत तासाभरात माझ्याकडे पोचली. आवाज जवळजवळ पूर्वीचाच होता.

घोळ झाला तो इथेच. त्याच आठवड्यात, २६ जुलैला, सेलीन डिऑन पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात आयफेल टॉवरवरून गायली. डिसेंबर २०२२ मध्ये तिने स्टिफ पर्सन सिंड्रोम झाल्याचं जाहीर केलं होतं, मे २०२३ मध्ये दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द केले होते, आणि आता ही अशी उभी. आमच्या गायिकेला तो व्हिडिओ ओळखीच्या प्रत्येकाने पाठवला असावा. ‘हिला जमलं, तुलाही जमेल.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण दोन्ही आजारांत साम्य नावापुरतं. स्टिफ पर्सन सिंड्रोम दहा लाखांत एखाद्याला होतो, तो रेंगाळत राहतो आणि त्यात स्नायू आखडून पेटके येतात. जीबीएसचा झटका बहुधा एकदाच येतो आणि मग शरीर महिनोन् महिने सावरत राहतं. शिवाय पॅरिसमध्ये ते एक गाणं होतं.

आम्हाला विकायचा होता दोन-अडीच तासांचा कार्यक्रम, त्यानंतरचा प्रवास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. न्यूरॉलॉजिस्टने स्पष्ट सांगितलं होतं की ताकद परत आली तरी या आजारानंतरचा थकवा कित्येक महिने, कधी वर्षंही पाठ सोडत नाही. बाहेरून तो दिसत नाही. एका गाण्यात तर मुळीच दिसत नाही.

समोर असलेले मार्ग

गणपती महिन्यावर आले होते आणि फोन सुरू झाले होते. एका मंडळाने सुचवलं, ट्रॅक लावा, ताईंनी फक्त ओठ हलवावेत, पब्लिकला चेहरा बघायचा असतो. तिने यावर दोन मिनिटंही घालवली नाहीत. वर्षभर काहीच न करण्याचा सल्ला आईचा होता. वैद्यकीयदृष्ट्या तो सगळ्यात सुरक्षित, पण कर्जाचे हप्ते आणि चार घरांच्या नाइट यांचा त्यात विचार नव्हता. (पाचव्याचं, म्हणजे ड्रमरचं, पुढे सांगतो.) फक्त स्टुडिओत गाणी करायची, हा मार्ग तिला आवडला असता, मात्र स्वतंत्र गाण्यांच्या ऑनलाइन कमाईवर बँड चालत नाही.

खरा मोह होता तो चौथ्या प्रस्तावाचा. एक प्रायोजक नाशिकमध्ये मोकळ्या मैदानावर भव्य पुनरागमन सोहळा करायला तयार होता. हजारो खुर्च्या, एलईडी भिंत, रक्कम नेहमीच्या तिप्पट. घरात दोन मतं पडली. नवऱ्याचं म्हणणं, एकाच रात्रीत निम्मं कर्ज फिटेल. मी विरोधात होतो. अशा सोहळ्याची तारीख चार महिने आधी जाहीर होते, तिकिटं विकली जातात, आणि मग त्या दिवशी अंगात त्राण नसलं तरी मागे फिरता येत नाही. सोहळा पार पडला असता तर सगळ्यांनी गृहीत धरलं असतं की ती बरी झाली, आणि दुसऱ्याच दिवसापासून जुन्या वेगाने सुपाऱ्या आल्या असत्या. पहिला कार्यक्रम माणूस ईर्षेवर काढतो. दुसरा कशावर काढणार, याचं उत्तर त्या प्रस्तावात नव्हतं.

तिनेच विचारलं, “दादा, मला परवा काय होतं ते कोण बघणार?” आम्ही पुढे जे केलं ते या प्रश्नातून निघालं.

काय केलं

ठरलं असं: छोटे कार्यक्रम, मध्ये मोकळे दिवस, आणि पुढची तारीख मागच्या कार्यक्रमानंतरच्या तिसऱ्या दिवशी पक्की करायची. तिच्या नवऱ्याने एक वही घातली. कार्यक्रमानंतरच्या तिन्ही सकाळी चार गोष्टी लिहायच्या: एका श्वासात किती आकडे, ‘आ’ किती सेकंद टिकतो, घराचे दोन जिने न थांबता चढता येतात का, आणि कुर्त्याची बटणं किती वेळात लागतात. तिसऱ्या सकाळचे आकडे कार्यक्रमाआधीच्या आकड्यांना भिडले तर पुढची तारीख द्यायची. नाही भिडले तर आयोजकाला थांबा म्हणायचं.

गाण्यांची पट्टी उतरवली. पूर्वी बहुतेक गाणी काळी पाचमध्ये होती, ती एक स्वर खाली, काळी चारमध्ये आणली, दोन तर त्याहून अर्धा स्वर खाली, पांढरी पाचमध्ये. बोलायला सोपं वाटतं. कीबोर्डवर बटण दाबून स्वर खाली येतो, पण गिटारच्या मोकळ्या तारांवर बसवलेले तुकडे नव्याने बसवावे लागले आणि सगळे ट्रॅक पुन्हा काढावे लागले. आपल्याच गाण्याची पट्टी उतरवणं तिला आजारापेक्षा जड गेलं, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

तालमीत एक गोष्ट कोणाच्याच ध्यानीमनी नसताना समोर आली. ती गाताना उजव्या पायाने ठेका धरायची, हे आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो. आता कडव्यानंतर ती दरवेळी थोडी पुढे पळू लागली. कीबोर्डवादक म्हणाला, “ताई, पळताय तुम्ही.” तिला पटेना. मग लक्षात आलं, तळपाय अजून बधिर होता. पाय फळीवर आपटतोय हे तिला दिसायचं, जाणवायचं नाही. कानात इन-इअर, म्हणजे छोटा हेडफोन, घालून क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, सुरू केला तेव्हा लय जागेवर आली. त्याच कारणाने स्टेजवरच्या सगळ्या वायरी टेपने चिकटवणं, पायऱ्यांना कठडा आणि पावलाला आधार देणारा स्प्लिंट या गोष्टी आयोजकांना पाठवायच्या यादीत आल्या.

पहिला कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये, कुसुमाग्रज स्मारकातल्या विशाखा सभागृहात, ओळखीच्या लोकांसाठी, तिकीट न लावता. पाऊण तास, स्टुलावर बसून. तिसऱ्या सकाळी आकडे भिडले. नोव्हेंबरमध्ये दिवाळी पहाटेला तीन गाणी झाली, तीही निभावली.

मालेगाव

डिसेंबरमध्ये मालेगावला कॉलेजचं गॅदरिंग. नाशिकपासून शंभरेक किलोमीटर, आग्रा महामार्ग सरळ, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ठरलेली वेळ सव्वा तासाची. ती स्टुलावरून उठली, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, आणि वन्स मोअरचा गजर सुरू झाला. तिने एक गाणं वाढवलं. मग दुसरं. मग प्राचार्य स्वतः माइकवर येऊन विनंती करू लागले. मी विंगेत होतो, नवरा साउंडवाल्याजवळ होता. तिला थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. कार्यक्रम दोन तासांवर गेला. तिचा त्या रात्रीचा आवाज हा आजारानंतरचा सगळ्यात चांगला आवाज होता, हे मी आजही सांगेन.

पहिल्या सकाळी ती खुशीत होती, आकडे किंचित कमी. दुसऱ्या सकाळी एका जिन्यानंतर बसावं लागलं. तिसऱ्या सकाळी बटणं लावताना बोटं घसरत होती आणि एका श्वासात जेमतेम सतरा आकडे झाले. घरात सगळ्यांच्या मनात एकच भीती, आजार उलटला. न्यूरॉलॉजिस्टने तपासून सांगितलं, झटका नाही, अतिश्रमाचा परिणाम आहे, आठवडाभर आराम. पुढच्या दोन तारखा आम्ही सोडल्या. एका आयोजकाने समजून घेतलं. दुसऱ्याने बयाणा परत मागितला आणि वर चार शब्द सुनावले. त्याच्या जागी मी असतो तर मीही सुनावले असते. त्याच्या पत्रिका छापून झाल्या होत्या.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली. फिजिओथेरपिस्ट तिला रोज थोडं जास्त चालायला सांगत होता, आवाजाच्या थेरपिस्ट बाई कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती सांगत होत्या, आणि ती आज्ञाधारकपणे दोन्ही करत होती: सकाळी चालणं, दिवसभर मौन, संध्याकाळी दमणूक. दोघांचं एकमेकांशी बोलणंच झालं नव्हतं. डिसेंबरअखेर दोघांना एका फोनवर आणलं आणि आठवड्याचं एकच वेळापत्रक तयार झालं.

यानंतर करारात तीन कलमं आली. कार्यक्रम ऐंशी मिनिटांत संपेल, त्यात वन्स मोअर धरूनच. चार दिवस आधीपर्यंत तारीख विनादंड पुढे ढकलता येईल, आणि त्या बदल्यात मानधन पूर्वीपेक्षा कमी. आणि मुक्काम आयोजकाने द्यायचा, रातोरात परत यायचं नाही. थांबवण्याचा अधिकार कीबोर्डवादकाकडे दिला. तो स्टेजवरच असतो, तिचा श्वास त्याला ऐकू येतो, आणि शेवटच्या गाण्याचे स्वर त्याने धरले की बाकीच्यांना त्याच्या मागे जावंच लागतं.

पुण्याचा प्रश्न

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात कार्यक्रम होता. जानेवारीत तिथे सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण सापडू लागले आणि महिना संपता संपता आकडा शंभराच्या वर गेला. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं जात होतं. वर्षभर आजाराचं नाव लोकांना समजावून सांगता सांगता आम्ही थकलो होतो, आता ते प्रत्येक बातमीत होतं.

आयोजकाचा फोन आला. त्याला पोस्टरवर ‘जीबीएसला हरवून परतलेली’ अशी ओळ हवी होती. वाहिन्यांकडून मुलाखतीची विचारणा झाली. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता, आणि खरं सांगायचं तर तिकिटं हातोहात गेली असती. ती नाही म्हणाली. आजारी माणसांचे नातेवाईक व्हेंटिलेटरबाहेर बसले असताना त्यावर तिकीट विकणं तिला बरं वाटेना. शिवाय व्यावहारिक अडचणही होती. त्या ओळीखाली एकदा उभं राहिलं की यापुढे प्रत्येक बेसूर स्वर आजाराच्या खात्यावर मांडला जाणार.

पोस्टरचं निस्तरलं. कार्यक्रम करायचा की नाही, हे उरलं. डॉक्टरांचं उत्तर समाधानकारक होतं: पुन्हा झटका येण्याची शक्यता थोडी, उकळलेलं पाणी आणि नीट शिजवलेलं गरम अन्न एवढी काळजी घ्या, जायला हरकत नाही. घरच्यांनी मान डोलावली. मग नवऱ्याने वही माझ्यापुढे सरकवली. कार्यक्रम झालेला नसताना तिने आठवडाभर सकाळचे आकडे लिहिले होते आणि ते रोज घसरत होते. ती झोपत नव्हती. रात्री उठून पायाची बोटं हलवून बघत होती.

डॉक्टरांच्या ‘हरकत नाही’वर जायचं की वहीवर, हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय. भीती म्हणजे आजार नव्हे, असं म्हणून निघता आलं असतं. आम्ही वही मानली आणि तारीख मार्चमध्ये नेली. सभागृहाचं भाडं बुडालं, ते आयोजकाने आणि आम्ही निम्मं-निम्मं सोसलं. दरम्यान तिच्या फिजिओथेरपिस्टच्या ओळखीतून पुण्यातल्या एका रुग्णाच्या पत्नीशी ती फोनवर बोलू लागली. जाहिरातीसाठी नाही, कोणाला सांगूनही नाही. त्यानंतर तिची झोप सुधारली, असं नवरा म्हणतो. मार्चचा कार्यक्रम ऐंशी मिनिटांत संपला आणि तिसऱ्या सकाळी दोन्ही जिने एका दमात झाले.

पुढे काय झालं

२०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत कार्यक्रम पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले होते आणि कमाई निम्म्याहून कमी. कर्ज फिटलेलं नाही. आवाज काळी चारमध्ये स्थिरावला आहे; वरचे स्वर लागतात, पण ती ते जपून वापरते. डाव्या पायाचा स्प्लिंट सुटला, उजव्याचा आहे. तालमीत क्लिकशिवाय गाऊन बघते, स्टेजवर नाही.

बँडमधला ड्रमर गेला. जूनमध्येच एका ऑर्केस्ट्रात लागला, कारण फेब्रुवारीपासून त्याला एकही नाइट मिळाली नव्हती आणि घरात लहान मूल होतं. उरलेल्या चौघांना दरमहा ठरावीक रक्कम द्यायची असं सप्टेंबरमध्ये ठरलं. तोवर तो नव्या ठिकाणी रुळला होता.

काय वेगळं करता आलं असतं

वादकांच्या पैशांचा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा होता, ती रुग्णालयात असतानाच. गायिकेच्या उपचारांपुढे तो विषय काढणं कोणालाच शोभेना, म्हणून कोणी काढला नाही. छोटी रक्कम चालली असती, आशा टिकली असती. तीन महिन्यांनंतरचा ड्रमरचा निर्णय मला तरी वाजवी वाटतो.

दुसरी गोष्ट बातमीची. फेब्रुवारीत आयोजकांना ‘वैयक्तिक कारण’ एवढंच कळवलं गेलं. घरच्यांची तशी इच्छा होती. आठ दिवसांत गळ्याच्या कॅन्सरपासून घटस्फोटापर्यंत सगळं कानावर आलं, आणि पुढे वर्षभर मी आयोजकांना आधी काय झालं नव्हतं ते सांगत होतो. आजाराचं नाव आणि ‘सहा महिने कार्यक्रम नाहीत’ अशा दोन ओळी पुरल्या असत्या. पुण्याच्या वेळी आजाराचं भांडवल न करण्याचा निर्णय आणि हा निर्णय एकमेकांना छेद देत नाहीत. माहिती देणं वेगळं आणि तिकीट विकणं वेगळं.

मालेगावच्या रात्रीचं मात्र मला नक्की सांगता येत नाही. थांबवण्याचा अधिकार आधी ठरला असता तर तो आठवडा वाचला असता, हे उघड आहे. पण त्या दोन तासांनंतर तिने पुन्हा कधी ‘मी गाऊ शकते का’ असं विचारलेलं नाही. तिच्या आईच्या मते ती रात्र टळायलाच हवी होती. कीबोर्डवादकाच्या मते तीच रात्र कामी आली. दोघांचं यावर अजून एकमत नाही.

यंदाच्या नवरात्रासाठी शहरातल्या एका मंडळाने सलग नऊ रात्री मागितल्या होत्या. तिने दोन देऊ केल्या आहेत, दुसरी आणि सातवी, वेळ ऐंशी मिनिटं. ध्वनिक्षेपकाला बारापर्यंत सवलत मिळणाऱ्या रात्री आम्हाला नकोत, हेही कळवलं आहे. मंडळाचा निरोप अजून यायचा आहे.